बाबूकड्याकडे पाठ करून

वासोटा गडावर जायचं म्हणून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात कोयनेच्या तळ्याकाठच्या बामणोलीला पोचलो तेव्हा पाणी बरंच खाली उतरलं होतं. बोटी लांबवर, तांबड्या उताराच्या टोकाला टेकलेल्या. धक्क्यापासून तिथपर्यंत चालत जावं लागलं आणि ती चाल मला पुढच्या सगळ्या चढापेक्षा जास्त लक्षात राहिली आहे. पायाखाली भेगाळलेला गाळ, त्यात शिंपल्यांचा चुरा आणि मधूनच दगडांची एक सरळ रेघ. थोडं पुढे गेलं की तशीच आणखी एक, तिच्या खालच्या अंगाला तिसरी.

"मावशी, ह्या भिंती कसल्या?" भाचीनं विचारलं.

मी काही बोलायच्या आत आमचे बोटवाले मामा म्हणाले, "भिंती न्हाईत त्या, बांध हायेत. भाताची खाचरं व्हती हितं."

ते पुढे चालू लागले. भाची तिथेच उभी राहिली. तिनं चपलेच्या टोकानं एका दगडावरचा गाळ थोडा खरवडला आणि मग घाईघाईनं पाय मागे घेतला.

वासोटा मी पहिल्यांदा चढले डिसेंबर १९९१ मध्ये. अठरा वर्षांची होते, साताऱ्यात कॉलेजात शिकत होते. आम्ही बारा जण होतो, तांदूळ-डाळ आणि एक मोठं पातेलं आळीपाळीनं पाठीवर घेत होतो. रात्र गडावर काढली. तेव्हा राहू देत असत. दुसऱ्या दिवशी नागेश्वराच्या गुहेत जाऊन तिथून चोरवण्याच्या वाटेनं कोकणात उतरलो आणि एसटीनं चिपळूण गाठलं. तळ्यातून निघून, सह्याद्री ओलांडून, दोन दिवसांत दुसऱ्याच मुलखात. त्या वयात आपल्या पायांवर एवढा विश्वास बसणं ही मोठी गोष्ट होती आणि ती मला वासोट्यानं दिली. पुढे खूप डोंगर चढले, पण मनातलं पहिलं टोक हेच राहिलं. आणि वासोटा म्हटलं की मला एकच जागा आठवायची, बाबूकडा. पश्चिमेला नालेच्या आकारात वळलेला, सरळ तुटलेला कातळ आणि खाली कोकण. गडाला दुसरीही बाजू आहे, तिथूनही काही दिसतं, हे मला आठवत नव्हतं असं नाही. तिकडे मी बघितलंच नव्हतं.

बोट सुरू झाली. बामणोलीहून गडाच्या पायथ्याला जायला तास-सव्वा तास लागतो. दोन्ही अंगांना डोंगररांगा, मधे पाणी, आणि पाण्याच्या कडेनं सगळीकडे तो तांबडा पट्टा, घागरीतलं पाणी कमी झाल्यावर आतून राहावा तसा. हिवाळ्यात आलं की पाणी रानाला भिडलेलं असतं, हा पट्टा दिसत नाही. तळं जणू पहिल्यापासून तिथेच आहे असं वाटतं. तळ्याचं वय मात्र माझ्या आईपेक्षा कमी आहे.

कोयना महाबळेश्वरात उगम पावते आणि कृष्णेसारखी पूर्वेला न वळता दोन रांगांच्या मधून सरळ दक्षिणेला धावते. हेळवाकाजवळ तिला पूर्वेची वाट सापडते आणि कऱ्हाडला ती कृष्णेला मिळते. दोन रांगांमधलं हे अरुंद, लांबच लांब खोरं म्हणजे पाणी साठवायला निसर्गानं करून ठेवलेली परात. देशमुखवाडीजवळ धरण बांधायला घेतलं १९५० च्या दशकात, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडलं. शंभराच्या आसपास गावं उठली. आज हा शिवसागर पन्नास किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे आणि भरला की त्यात शंभर टीएमसीच्या, म्हणजे शंभर अब्ज घनफुटांच्या वर पाणी असतं. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. म्हणजे इथली माणसं उठली तेव्हा त्यांच्या हातात धरायला कायद्याचा कागदसुद्धा नव्हता.

मामांचा जन्म पाणी आल्यानंतरचा. तरी ते बोट चालवताना डावी-उजवीकडे अशी नावं घेत होते की जणू पाणंदीनं बैलगाडी हाकताहेत. हे वडाखालचं. हे टेकावरचं. हा देवाचा ओढा, हा पावसाळ्यात लई माजायचा. नावं वडिलांनी सांगितलेली, वडिलांनी ती अंगावर वागवलेली. वडील वारले तेव्हा मामा पंचविशीत होते. म्हणाले, "आमच्या आबांनी मला खाली कवा न्हेलं न्हाई. न्हेणार कसं? पर मला सगळं ठावं हाय."

घर फुटलं ते कसं, हेही त्यांनी सांगितलं. एक चुलते सोलापूर जिल्ह्यात गेले, आत्याच्या सासरचे पनवेलकडे. आबांनी मात्र खोरं सोडलं नाही, वर सरकले. पाणी वर आलं की आणखी वर. सोलापूरकडच्या चुलत भावंडांच्या बोलण्यात आता तिकडचा हेल आहे. त्यांच्या घरात भाकरी ज्वारीची. लग्नाकार्याला एकत्र जमले की म्हाताऱ्या बायका आधी एकमेकींना विचारतात, नाचणीचं पीठ आणलंय का?

"पैलं आमाला पाण्यानं उठावलं," मामा म्हणाले, "मागनं वाघानं." बोलताना त्यांचं लक्ष पुढच्या वळणावर होतं आणि आवाजात राग नव्हता. वाऱ्याची दिशा सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं.

वाघानं म्हणजे अभयारण्यानं. १९८५ मध्ये या खोऱ्याचा पश्चिमेकडचा भाग कोयना अभयारण्य झाला. दक्षिणेला वारणेच्या खोऱ्यात चांदोली, तिथेही आधी धरण, मग अभयारण्य, आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटाला जागतिक वारसा ठरवलं, त्यात ही दोन्ही रानं आहेत. कागदावर बघितलं तर चढत्या मानाच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीला रान थोडं जास्त राखलं गेलं आणि माणूस थोडा जास्त बाहेर गेला.

इथे मला माझं मत लपवायचं नाही. रान राखलं पाहिजे, आणि इथे ते राखलं गेलं म्हणून उरलं, असंच मी मानते. १९९१ मध्ये आम्ही गडावर शेकोटी केली होती, आसपासचं वाळकं तोडून. वाटेवर पत्र्याचे डबे, चिवड्याच्या पिशव्या, काचा पडलेल्या असायच्या आणि त्यात आमचीही भर असणार. आता मेट इंदवलीला बोट लागली की वनखात्याच्या चौकीवर आधी नोंद होते आणि मग पाठपिशवीतलं प्लास्टिक मोजलं जातं. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, भाचीच्या खिशातला चॉकलेटचा कागदसुद्धा. अनामत रक्कम ठेवायची आणि परत येताना तेवढेच नग दाखवून ती सोडवून घ्यायची. गडावर मुक्काम बंद. संध्याकाळच्या आत खाली येऊन बोटीत बसायचं. मुक्काम बंद झाल्याचं कळलं तेव्हा, खूप वर्षांपूर्वी, मला फार वाईट वाटलं होतं, आपलं काहीतरी कोणी काढून घेतल्यासारखं. ते आज मामांच्या शेजारी बसून आठवलं आणि मी गप्प झाले. माझी एक रात्र गेली होती.

मेट हा शब्द मला आवडतो. गडाच्या अंगावर किंवा पायथ्याला जिथे पहाऱ्याची चौकी असे ती जागा म्हणजे मेट. गड नांदता असताना वर जाणाऱ्याला इथे थांबून आपली ओळख सांगावी लागत असणार. आता गड ओस आहे, मेटाची वस्तीही उठलेली, पण चौकी आहे आणि वर जाणारा थांबून नाव सांगतो.

चौकीमागे कोरडा ओढा ओलांडला की मारुती आणि गणपती आहेत, आणि तिथून रान सुरू होतं. बाहेर एप्रिलचं ऊन तापलेलं. आत पाऊल टाकल्याबरोबर ते मागे राहिलं. जावळीच्या रानाबद्दल आपण शाळेत वाचलेलं असतं की सूर्य जमिनीला शिवत नाही. ते अतिशयोक्तीचं वाक्य नाही, एवढंच इथे आल्यावर कळतं. जांभूळ, हिरडा, अंजनी, पिसा, मधेच कवेत न मावणारा आंबा. खाली कारवी माणसाच्या डोक्यापेक्षा उंच. वाट पालापाचोळ्यानं भरलेली आणि उन्हाळ्यामुळे प्रत्येक पावलाचा आवाज होतो. दोघी चालत होतो तरी मागून आणखी कोणी येतंय असं वाटत राहतं.

अर्ध्या तासानं वाटेच्या कडेला एक जोतं दिसलं. दगड नीट घडवलेले, एक कोपरा शाबूत. मधोमध कारवी उगवलेली, आणि मागच्या अंगाला फणस. रानात फणस कुठेही उगवू शकतो, पण हा परसात लावलेला असणार. घरापासून किती अंतरावर फणस लावतात हे माझ्या आजोळच्या घरामुळे मला डोळ्यांनी ओळखता येतं. भाचीला ते जोतं दाखवलं नसतं तर ती सरळ पुढे गेली असती, आणि १९९१ मध्ये मीही सरळ पुढेच गेले असणार. कारण हे दगड तेव्हाही इथेच होते. तेव्हा त्यांच्यावर कदाचित भिंतीही होत्या.

त्याच फणसाच्या पलीकडे आम्हाला धनेश दिसला. आधी आवाज आला, कोणी तरी कर्कश हसत सुटल्यासारखा, आणि मग राखी रंगाचा, मोठ्या चोचीचा पक्षी समोरच्या झाडाच्या बुंध्याला येऊन लटकला. बुंध्यात ढोली होती आणि तिचं तोंड लिंपलेलं. एक उभी फट तेवढी उघडी. या दिवसांत धनेशाची मादी ढोलीत शिरते, तोंड आतून लिंपून घेते, अंडी घालते, आणि पिलं मोठी होईपर्यंत नर त्या फटीतून फळं भरवत राहतो. तो नर मेला तर आतलं सगळं बिऱ्हाड संपलं. ढोली असलेली जुनी झाडं लागतात, वर्षभर कुठली ना कुठली फळं लागतात, आणि कोणी झाड तोडणार नाही अशी शांतता लागते. आम्ही बसून राहिलो. त्यानं घशातून एकेक लाल फळ चोचीच्या टोकाशी आणलं आणि फटीत दिलं. सहा फळं मोजली भाचीनं. मोजताना ती इतकी हळू बोलत होती की मला ओठांवरूनच कळत होतं.

मग मी मागे वळून जोत्याकडे बघितलं. घर उभं असतं तर धनेश या झाडात राहिला असता का, हे मला सांगता येणार नाही. पूर्वी माणसं होती तेव्हाही इथे धनेश होतेच की. मामाच सांगत होते, आबांना त्यांचा आवाज काढता यायचा. पण हेही खरं की जिथे पूर्वी नाचणीसाठी डोंगरउतार भाजले जायचे तिथे आता सावली आहे. दोन्ही गोष्टी एकाच जागी, तीस पावलांच्या अंतरावर समोर होत्या, आणि त्यांची वजाबाकी करून एक आकडा हातात घ्यावा असं मला वाटलं नाही.

वाट पुढे दुभंगते. एक फाटा नागेश्वराला जातो. गुहेत पिंड आहे आणि छतातून तिच्यावर थेंबथेंब पाणी पडत असतं. १९९१ मध्ये आम्ही तिथे पोचलो तेव्हा बाहेर वारा घोंघावत होता आणि आत फक्त तो थेंब. आज वेळेचं गणित तिकडे जाऊ देणारं नव्हतं. दुसरा फाटा गडाचा. इथून चढ अंगावर येतो, रान मागे सरतं, आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. पडक्या दरवाज्यातून आत गेलं की समोर बिनछपराचा मारुती. ऊन-पाऊस अंगावर घेत उभा. उंची ११७१ मीटर. आम्हाला अडीच तास लागले. गुडघ्यांनी आपलं म्हणणं मांडलं, पण ऐकलंही माझं.

गडाचा इतिहास फार लढायांचा नाही. शिवाजी महाराजांनी १६६० मध्ये हा घेतला आणि व्याघ्रगड नाव दिलं. पुढे याचा उपयोग जास्त करून तुरुंगासारखा झाला. इतक्या आडरानात कैदी पळून जाणार कुठे? पेशवाईच्या शेवटच्या दिवसांत सातारच्या छत्रपतींच्या घरातली माणसं इथे ठेवली होती आणि इंग्रजांचे दोन तरुण अधिकारीही. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रजांनी दरीपलीकडच्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. तो डोंगर याच्याहून उंच. वरून गोळे पडू लागल्यावर गड फार टिकला नाही. ज्यांना या माचीवरून रोज हाच देखावा बघावा लागला त्यांना तो कसा वाटला असेल? माझ्यासारखे लोक जिथे मोकळं वाटायला येतात तिथे कोणी तरी महिनोन् महिने कोंडलेलं होतं.

महादेवाचं मंदिर, पाण्याचं टाकं, वाड्यांचे चौथरे, सगळं ओलांडून आम्ही बाबूकड्याकडे गेलो. तीस वर्षांहून जास्त काळ ज्याची वाट बघितली तो कडा. डिसेंबरातल्या त्या सकाळी इथून खाली कोकण उलगडलं होतं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साठत गेलेला लाव्हा इथे एकाच घावात कापल्यासारखा दिसतो, काळा, उभा, आडव्या पट्ट्यांचा. तळाशी रान, पलीकडे टेकड्यांच्या ओळी, गावं, शेतं, धूर. मी तेव्हा पोटावर झोपून कड्याच्या टोकाशी सरकत गेले होते आणि दगडाची थंडी स्वेटरमधून पोटाला लागली होती. आजही आठवते.

आज काही दिसलं नाही.

एप्रिलची धूसर पश्चिम. कड्याचा कातळ थोडा खाली जाऊन पांढुरक्या धुरकट हवेत विरघळत होता. कोकण नव्हतंच. नुसती गरम हवा वर येत होती आणि तिच्यावर दोन घारी न हलता तरंगत होत्या. भाचीनं दोन फोटो काढले, बघितले, आणि माझ्याकडे बघितलं. तिला मी गेली पाच-सहा वर्षं या जागेचं वर्णन करून सांगत होते. तिचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं. म्हणाले, थोडं थांबू, हवा फिरेल. अर्धा तास बसलो. डबा उघडला, पोळी-भाजी खाल्ली. हवा काही फिरली नाही.

मग पाणी प्यायला म्हणून गडाच्या पूर्वेच्या अंगाला, झाडाच्या सावलीत गेलो. बाबूकड्याकडे पाठ झाली आणि समोर शिवसागर आला.

ऊन पाठीमागे कलायला लागलं होतं, त्यामुळे या बाजूची हवा स्वच्छ. पाणी निळं नव्हतं, शिळ्या चांदीसारखं होतं, आणि डोंगरांच्या प्रत्येक घडीत त्याची एकेक बोळ शिरलेली. कडेनं सगळीकडे तो तांबडा पट्टा. सकाळी बोटीतून तो नुसता पट्टा दिसला होता. इथून त्याच्यावर रेघा दिसत होत्या. एकाखाली एक, डोंगराच्या वळणाबरोबर वळणाऱ्या, पाण्यात उतरत जाणाऱ्या. बांध. साठ वर्षं वर्षातले बरेच महिने पाण्याखाली राहूनही त्यांनी जागा सोडली नव्हती. एका ठिकाणी दोन रेघांमधून तिरकी तिसरी जात होती, ती पाणंद असावी. काही ठिकाणी गाळावर हिरवे चौकोन होते, पाणी उतरेल तसं मागोमाग पेरत जाणाऱ्या गाळपेराचे. माणसं परत आली होती. चार महिन्यांसाठी का होईना, त्याच मातीत.

मी किती वेळ बघत राहिले मला माहीत नाही. बाबूकड्यावरून जे दिसतं ते छाती भरून येण्यासारखं आहे, मी ते कधी कमी लेखणार नाही. पण त्यात मला काही वाचावं लागत नाही, ते अंगावर येतं. हे मात्र वाचावं लागत होतं. एखाद्या जुन्या वहीतलं पुसट झालेलं अक्षर उजेडात तिरकं धरून लावावं तसं.

गडावर उभं राहिलं की आणखी एक गोष्ट कळते, जी बोटीत किंवा नकाशावर कळत नाही. समोरचं हे पाणी खरं म्हणजे पूर्वेचं. कोयनेतून कृष्णेत आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जायचं. पण सह्याद्रीची धार इथे अगदी जवळ आहे आणि तिच्या पलीकडे कोकण एकदम खोल. म्हणून दक्षिणेला, धरणाच्या अंगाला, डोंगर पोखरून बोगद्यातून हे पाणी पश्चिमेला वळवलं आणि साडेचारशे मीटरांहून जास्त खाली पोफळीच्या बाजूला सोडलं. त्या पडण्यातून वीज होते. सगळे टप्पे धरून १९६० मेगावॉट क्षमता. जास्तीचं पाणी घ्यायला १९९९ आणि २०१२ मध्ये तर तळ्याखालून बोगदा आणून तळाला शेवटचा सुरुंग लावला. वीज करून झालेलं पाणी वाशिष्ठीत जातं, चिपळूणला, अरबी समुद्राला. १९९१ मध्ये आम्ही गड ओलांडून चालत जिथे गेलो, तिथे हे पाणी डोंगराच्या पोटातून जातं. माझ्या लहानपणी साताऱ्याच्या घरात संध्याकाळी दिवा लागायचा तो याच्यावर. वडील त्या दिव्याखाली बसून ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगायचे. चार वाजून गेले होते, फळीवरची भांडी एकदम खाली आली, आजी ओरडली, सगळे रस्त्यावर. सकाळी कळलं की कोयनानगर पडलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. जी माणसं पाण्यातून उठून वर आली होती त्यांच्याच पायाखाली पाच-सहा वर्षांत जमीन हलली. वडील हे सांगताना नेहमी दिव्याकडे बघायचे. का, ते मी कधी विचारलं नाही.

गेल्या वर्षी मी चांदोलीला गेले होते, राष्ट्रीय उद्यानात. तिथे झोळंबीचा सडा आहे, मैलभर उघडा कातळ, त्याच्या कडेला उभं राहिलं की खाली वारणेच्या खोऱ्यातलं पाणी आणि रान. आणि एका जागेचं नाव आहे जनीचा आंबा. पर्यटकांच्या फेरीत ती जागा येते, गाडी थांबते, लोक उतरतात, फोटो काढतात. जनी कोण होती, हे तिथे उभं राहून मनात येतंच. आंबा तिनं लावला होता की तिच्या वाटणीचा होता, की नुसती त्याच्या सावलीत बसायची? गाव उठलं, गुरं गेली, आता गवे येतात. नाव मात्र रानानं ठेवून घेतलं. मला वाटतं, राष्ट्रीय उद्यानाच्या नकाशावर अशी नावं जेवढी टिकतील तेवढी टिकू द्यावीत. एखाद्या जागेला व्ह्यू पॉइंट म्हटलं की ती फक्त बघणाऱ्याची होते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबातून एक वाघीण चांदोलीच्या रानात आणली. या रानात वाघ अधूनमधून कॅमेऱ्यात टिपले जायचे, पण वंश वाढायला माद्या हव्यात म्हणून. तिला एकदम सोडलं नाही. आधी रानातच मोठ्या कुंपणात ठेवलं. इथली हवा, इथलं भक्ष्य, इथले वास तिच्या ओळखीचे व्हावेत, मग दार उघडलं. ही बातमी वाचून मला फार आनंद झाला होता. व्याघ्रगडाच्या मुलखात वाघीण! आज गडावर तोच विचार पुन्हा आला आणि त्याच्या मागोमाग सोलापूरकडे गेलेले मामांचे चुलते आले. भाताच्या खाचरातून उठून ज्वारीच्या रानात. त्यांना नव्या जागेचा वास ओळखीचा व्हायला कोणी किती दिवस दिले असतील? वाघिणीला जे मिळालं ते मिळायलाच हवं होतं. तेवढं माणसालाही मिळायला हवं होतं.

भाचीनं पूर्वेचे बरेच फोटो काढले. रेघा नीट येईनात म्हणून ती एका दगडावर चढून, फोन दोन्ही हातांनी घट्ट धरून, श्वास रोखून काढत होती. उतरताना धनेश पुन्हा दिसला नाही. फटीखालच्या खोडावर विष्ठेच्या पांढऱ्या रेघा मात्र ओल्या होत्या. चौकीवर नग मोजून दिले, अनामत सुटली. साडेचारच्या सुमारास बोटीत बसलो.

मामांनी इंजिन चालू केलं नाही. आधी विचारलं, "दिसलं का कोकान?"

"नाही हो, मामा. सगळं धुरकट."

"उनाळ्यात न्हाईच दिसत." मग जरा थांबून, "हिकडलं?"

भाचीनं फोन पुढे केला. मामांनी हात लुंगीला पुसले, फोन घेतला आणि पडद्यावर सावली यावी म्हणून पाठ उन्हाकडे केली. गेली तीस वर्षं ते लोकांना गडाखाली आणून सोडताहेत. वर गेले असतील दोन-चार वेळा, त्याही लहानपणी. दोन बोटांनी त्यांनी फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, पुन्हा लहान केला, पुन्हा मोठा. एका वठलेल्या खोडापाशी थांबले. येताना पाण्याच्या कडेला ते खोड आम्हालाही दिसलं होतं.

"ह्यो बगा आमचा ओढा," ते म्हणाले. "ह्येच्या पल्याड खालची आळी. आन् ही एक, दोन, तीन... ही चौथी ताल. ही आबांची."

चौथी रेघ निम्मी पाण्यात होती. ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. बोट आपोआप थोडी फिरली, धक्क्याच्या दगडाला टेकली, परत सुटली.

"ताई, ह्यो मला धाडा की," मामा म्हणाले. "हितं रेंज न्हाई. साताऱ्याला पोचल्यावं धाडा. चुलता हाय अजून, सोलापूरला. डोळं गेल्यात त्येचं, पर त्येची नात दाखवंल. ती बोट धरून सांगंल त्येला."

भाचीनं त्यांचा नंबर घेतला, आणि तो बरोबर लागलाय ना म्हणून त्यांना दोनदा वाचून दाखवला.